छत्तीस नंबरचा खिळा : गिरगाव-लालबागच्या गेम-कॅसेटींची पाठचिकित्सा

माझ्या टेबलावर नऊ कॅसेटी आहेत. गाण्यांच्या नव्हेत, टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या. ‘कार्ट्रिज’ हा शब्द आमच्या चाळीत कुणी उच्चारल्याचे मला आठवत नाही. यंत्रात खुपसायची ती कॅसेट, आणि चालली नाही तर काढून फुंकर मारायची व पुन्हा खुपसायची. यांतल्या सात कॅसेटी ठाकूरद्वार ते परळ या पट्ट्यातल्या घरांच्या माळ्यांवरून आल्या, दोन चोरबाजारातून. प्रत्येकीवर भडक लेबल आहे आणि त्यावर आत किती गेम आहेत तो आकडा. कुठे ५२, कुठे ६४, एकीवर चक्क ९९९९९९९. पाच कॅसेटींमध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आहे. या पाच मारिओंची आपसात आणि मूळ मारिओशी ताडणी करण्यात माझी तीन वर्षे गेली.

साहित्याच्या अंकात हे कशाला, असे काही वाचकांना वाटेल. माझ्या मते हे काम पोथ्यांच्या अभ्यासाच्या जवळचे आहे. फक्त पोथी प्लास्टिकच्या डबीत आहे.

मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. बारावीनंतर १९९० साली गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागलो. खिळे जुळवले, केसमधला कुठला कप्पा कुठल्या अक्षराचा हे बोटांना पाठ झाले, आणि पाचसहा वर्षांत खिळेच गेले. मग डीटीपी. श्रीलिपी आणि आकृतीच्या काळात ज्यांनी मराठी मजकूर जुळवला आहे त्यांना एक गोष्ट हाडामासांत ठाऊक असते : यंत्राला ‘क’ कळत नाही, त्याला आकडा कळतो. त्या आकड्यावर कुठले चित्र बसवायचे ते फाँट ठरवतो. फाँट बदलला की अख्खी कादंबरी क्षणात चिनी होते. पुढे मारिओचा कोड वाचताना मला जे समजले ते याच भांडवलावर.

लॅमिंग्टन रोडवरून ही यंत्रे घरोघर गेली तो काळ साधारण नव्वदच्या दशकाचा पूर्वार्ध. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या ‘फॅमिकॉम’ या यंत्राच्या त्या नकला. आपल्याकडे त्यातले ‘समुराई’ हे नाव पुष्कळांना आठवत असेल. कॅसेटीही नकलाच. मूळ मारिओ १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांची रचना, तोशिहिको नाकागो यांचा प्रोग्रॅमिंगमध्ये मोठा वाटा. ही नावे मला २००० नंतर कळली. आमच्या चाळीत मारिओ अपौरुषेय होता.

तो सगळा खेळ ४० किलोबाइटांत बसलेला आहे : ३२ सूचनांचे, ८ चित्रांचे. हा लेख युनिकोडमध्ये जपून ठेवला तर साधारण तेवढीच जागा घेईल. आठ दुनिया, बत्तीस टप्पे, ती सुरावट, कासवे, ढग, झुडपे हे सगळे एवढ्यात. ढग आणि झुडूप तर एकाच चित्राची दोन रूपे आहेत, एकदा पांढऱ्या रंगात, एकदा हिरव्या.

आता ‘कोड वाचला’ म्हणजे काय केले ते सांगायला हवे, कारण इथे एक घोटाळा नेहमी होतो. मारिओचा मूळ सोर्स कोड, म्हणजे नाकागो आणि सहकाऱ्यांनी आपल्या हाताने लिहिलेला, नावे-टिपांसकट असलेला मजकूर, निन्टेन्डोने प्रसिद्ध केलेला नाही. कॅसेटच्या चिपमध्ये असतात ते नुसते आकडे, ० ते २५५ यांच्यातले, एकापुढे एक. जुन्या पोथीत शब्द तोडलेले नसतात, ओळ सलग धावते, तसे. त्याचा पदच्छेद वाचणाऱ्याने करायचा. डॉपलगँगर असे टोपणनाव घेतलेल्या एका अभ्यासकाने संपूर्ण मारिओचा असा पदच्छेद केला आणि ओळीओळीला इंग्रजीत टीप दिली. मी जे वाचले ते हे भाष्य समोर ठेवून. त्यातली प्रत्येक विभागाची नावे भाष्यकाराची आहेत, ग्रंथकर्त्याची नाहीत, हे भान सुटले की माणूस भाष्यालाच ग्रंथ समजतो. मीही पहिले वर्ष तेच केले.

पदच्छेद हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. या यंत्राचा प्रोसेसर ६५०२ घराण्यातला. त्याची एक सूचना कधी एका आकड्याची, कधी दोन, कधी तीन आकड्यांची. सुरुवात एक घर चुकली की पुढचे सगळे वाचन चुकते. आणि कधी कधी दोन्ही वाचने बरोबर असतात. मारिओत ठिकठिकाणी ४४ हा आकडा असा एकटा टाकलेला दिसतो. यंत्र वरून वाचत आले की ४४ ही एक निरुपद्रवी सूचना ठरते आणि ती पुढचे दोन आकडे आपल्याबरोबर गिळून टाकते. पण दुसरीकडून उडी मारून थेट ४४ च्या पुढच्या घरात आले, तर तेच दोन आकडे स्वतंत्र सूचना म्हणून जिवंत होतात. सभंग श्लेष म्हणतात तो हाच. पंडित कवींनी तो विद्वत्ता दाखवायला केला, इथे एकदोन घरांची जागा वाचवायला. मला इथला अधिक आवडतो, हे कबूल करतो.

चित्रांच्या चिपमध्ये आठ बाय आठ ठिपक्यांचे ५१२ तुकडे आहेत. निम्मे हलणाऱ्या आकृत्यांसाठी, निम्मे मागच्या देखाव्यासाठी. मी त्यांना खिळे म्हणतो, कारण ते खिळेच आहेत : नंबर दिलेले, पुन्हापुन्हा वापरायचे, शेजारीशेजारी लावून चित्र किंवा मजकूर जुळवायचे. मागच्या देखाव्याच्या केसमध्ये पहिले दहा खिळे ० ते ९ हे अंक. दहाव्या नंबरपासून पस्तिसाव्यापर्यंत ए ते झेड. आणि छत्तीस नंबरचा खिळा कोरा. छापखान्यात आम्ही दोन शब्दांमध्ये बसवायचो त्या स्पेससारखा. उघडे आकाश दाखवायचे तरी तोच, शब्दांत अंतर ठेवायचे तरी तोच.

या छत्तीसपाशी मला थांबायचे आहे.

आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर एक मुलगा होता. १९९३ च्या मे महिन्यात त्याने सांगितले की त्याला मारिओत एक दुनिया सापडली आहे जिचा नंबर ‘उणे एक’ आहे, ती पाण्याखाली आहे आणि ती संपत नाही. त्याच्या घरी जाऊन पाहावे तर त्याला ती पुन्हा दाखवता येईना. झाले. त्याचे नाव थापाड्या पडले आणि ते त्याच्या लग्नापर्यंत टिकले. नाव पाडणाऱ्यांत मी होतो, बहुधा पहिलाच.

कोडमध्ये ती दुनिया आहे. पहिल्या दुनियेच्या दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी, जमिनीखाली, एक गुप्त खोली आहे. छतावरून चालत पुढे गेले की तिथे तीन पाइप दिसतात, त्यांवर ४, ३, २ असे आकडे. ज्या पाइपात शिराल त्या दुनियेत थेट जाल. अशीच दुसरी जागा चौथ्या दुनियेच्या दुसऱ्या टप्प्यात आहे, जिथे एकच पाइप आहे, पाचव्या दुनियेचा. दोन्ही जागांचे आकडे एकाच तक्त्यात ठेवले आहेत, प्रत्येक ओळीत तीन पाइपांची तीन घरे. दुसऱ्या जागी पाइप एकच असल्याने त्या ओळीत मधे ५ आणि दोन बाजूंना कोरे खिळे : ३६, ५, ३६. एकच तक्ता दोन कामे करतो, पाइपावर काय छापायचे आणि मारिओला कुठे पाठवायचे. छापण्यापुरते ३६ म्हणजे ‘काही नाही’. पाठवण्यापुरते मात्र ३६ म्हणजे छत्तीस.

एरवी याने बिघडत नाही, कारण चौथ्या दुनियेत बाजूला पाइपच नाहीत. पण पहिल्या दुनियेतल्या त्या खोलीत एका विशिष्ट अंगाने उडी घेऊन भिंतीतून घुसता येते. तसे घुसून, पडदा पुरता सरकण्याआधी कडेच्या पाइपात शिरले, तर आपण कुठल्या खोलीत आहोत याची नोंद यंत्रात अजून झालेली नसते आणि ते तक्त्याची चुकीची ओळ उचलते. मारिओ छत्तिसाव्या दुनियेत जातो. दुनिया आठच. आठ जणांच्या हजेरीपटावर छत्तिसावे नाव वाचायला सांगितले तर मास्तर पटाच्या खालचे काहीतरी वाचतील, तसे यंत्र तक्त्याच्या पलीकडचे आकडे वाचते. तिथे योगायोगाने एका पाण्याखालच्या टप्प्याचा पत्ता निघतो. त्या टप्प्याचा शेवटचा पाइप पुन्हा त्याच टप्प्याच्या आरंभी आणून सोडतो. आणि पडद्यावर दुनियेचा नंबर छापायची वेळ येते तेव्हा यंत्र छत्तीस नंबरचा खिळा लावते, जो कोरा आहे. म्हणून ‘३६-१’ ऐवजी नुसते ‘-१’ दिसते. ‘उणे’ असे काही तिथे नाहीच. ते मधले जोडचिन्ह आहे.

हे वाचून झाले त्या रात्री मी त्याला फोन केला. तो आता विरारला असतो. सगळे सांगितले. तो म्हणाला, “अरे, मग तेव्हा काय सांगत होतो मी?” थोड्या वेळाने म्हणाला, “पण शेवटी संपते का रे ती कुठे?” मी म्हटले, नाही संपत. त्याला बरे वाटलेले दिसले.

इथवरचे वाचन मूळ मारिओलाही लागू आहे आणि जगात पुष्कळांनी ते केले आहे. माझे काम पुढे सुरू होते. मूळ मारिओच्या पहिल्या पडद्यावर, मोठ्या पाटीच्या खाली, एक ओळ असते : वर्तुळातला सी, मग १९८५, मग निन्टेन्डो. माझ्या पाचही कॅसेटींमध्ये ती ओळ नाही. चाळीत ती कुणी पाहिलीच नव्हती, त्यामुळे तिची उणीव भासली नाही. खेळ कुणी केला असेल असा प्रश्नच पडला नाही, ‘अपौरुषेय’ म्हणालो ते त्यामुळे.

ही ओळ पुसली कशी, हे शोधायला मी सूचनांची ३२ किलोबाइटे पालथी घातली. तिथे ती नव्हतीच. मूळ लेखकांना सूचनांच्या चिपमध्ये जागा पुरेना, म्हणून त्यांनी पहिल्या पडद्याचा मजकूर चित्रांच्या चिपमध्ये, केसच्या शेवटच्या मोकळ्या कप्प्यांत, आकड्यांच्या रूपात कोंबला आहे. खेळ सुरू होताना यंत्र तो तिथून उचलते. ते कप्पे चित्र म्हणून पाहिले तर मुंग्यांसारखे ठिपके दिसतात. मजकूर म्हणून वाचले तर निन्टेन्डो दिसते : २३, १८, २३, २९, १४, २३, १३, २४. खिळ्यांच्या केसमध्ये मजकूर दडवून ठेवणारा कंपोझिटर मी तरी पाहिलेला नाही. त्या माणसांपुढे मी हात जोडतो.

माझ्या ठाकूरद्वारच्या कॅसेटमध्ये ती ओळ अशी आहे : ३६, ३६, ३६, असे सलग चौदा वेळा. वर्तुळातला सी एक, साल चार, अंतर एक, नाव आठ. चौदा घरे. खरे बदल तेराच, कारण मधले अंतर मुळातच ३६ होते. ज्या खिळ्याने तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाची दुनिया तयार झाली, त्याच खिळ्याने कर्त्याचे नाव गेले.

चोरी ती चोरी, आणि नाव पुसणे हा तिचा पुरावा दडवण्याचा भाग. तिचे समर्थन मी करणार नाही. पण समीक्षक म्हणून मला दुसरी एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. ज्याने कुणी हे केले त्याच्यापुढे डॉपलगँगरचे भाष्य नव्हते, माझ्यासारखी तीन वर्षे नव्हती. ती ओळ सूचनांत नसून चित्रांच्या चिपमध्ये आहे हे त्याला आधी वाचून काढावे लागले. हा त्या ग्रंथाचा एक कसलेला वाचक होता. त्याच्या वाचनाची खूण म्हणजे चौदा कोरी घरे.

कोड हा सांस्कृतिक मजकूर म्हणून वाचावा, असे मांडणारी चांगली पुस्तके इंग्रजीत आहेत. निक माँटफर्ट आणि इयन बोगोस्ट यांचे अटारीच्या यंत्रावरचे ‘रेसिंग द बीम’ २००९ सालचे, मार्क मारिनो यांचे ‘क्रिटिकल कोड स्टडीज’ २०२० सालचे. दोन्हींचा मी ऋणी आहे. पण ‘रेसिंग द बीम’चा रोख मूळ यंत्रावर आहे : त्याच्या मर्यादा काय होत्या आणि कर्त्यांनी त्यांतून वाट कशी काढली. गिरगावात बसून हे वाचताना एक अडचण येते. आम्ही मूळ वाचलेच नाही. आमच्यापर्यंत जो पाठ आला तो तिसऱ्याच कुणीतरी हाताळलेला होता. ज्ञानेश्वरीची वाङ्मयीन थोरवी एका प्रतीवरून सांगता येईल, पण ती लोकांत कशी नांदली हे सांगायला अपपाठांच्या प्रतीच लागतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली आणि त्यात कुणी आपली ओवी घुसडू नये अशी तंबीही दिली. तंबी द्यावी लागली याचा अर्थ लोक घुसडत होते.

कॅसेटींतही घुसडलेल्या ओव्या आहेत. ९९९९९९९ गेमची ती कॅसेट घ्या. लहानपणी आम्ही यादी खाली-खाली नेत रात्र काढली होती. आत खरे गेम फार थोडे. बाकी सगळ्या नोंदी त्याच गेमच्या, फक्त सुरुवातीच्या एकदोन आकड्यांत फरक. यादीतली नोंद निवडली की यादीचा छोटासा प्रोग्रॅम यंत्राच्या स्मृतीत आधी एखादा आकडा लिहितो आणि मग खेळाला हाक मारतो : इथून चौथ्या टप्प्यापासून, इथून जास्त जिवांसह, इथून दुसरी बंदूक घेऊन. ‘काँट्रा’च्या बाबतीत हे फार चालले. त्या खेळात वर-वर-खाली-खाली-डावे-उजवे-डावे-उजवे-बी-ए असे दाबले की तीस जीव मिळतात. ही किल्ली मुळात कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ साली ‘ग्रेडियस’ हा खेळ तपासताना स्वतःच्या सोयीसाठी ठेवली होती आणि काढायची राहून गेली. आमच्या कॅसेटवाल्याने त्या किल्लीचे फळ यादीतच वाढून ठेवले. रसिक म्हणून मला ते वाईट वाटते. किल्ली माहीत असलेला मुलगा चाळीत राजा असायचा. यादीने त्याचे राज्य घालवले.

काँट्राचा आणखी एक पाठभेद. १९८८ च्या जपानी काँट्रात जंगलातली पाने हलतात आणि टप्प्यांच्या मधे नकाशा येतो. अमेरिकी काँट्रात यातले काही नाही. माझ्याकडच्या दोन्ही काँट्रा अमेरिकी पाठाच्या आहेत. कारण कॅसेटीच्या अंगातच आहे : जपानी काँट्राला कोनामीची खास चिप लागते, अमेरिकी साध्या चिपवर चालते, आणि नक्कल करणारा साधी चिप निवडतो. परळमधल्या पोरांच्या वाट्याला हलती पाने आली नाहीत ती एका चिपच्या किमतीपायी.

मूळ हस्तलिखित हाती आले तर काय दिसते, याचेही एक उदाहरण आहे. जॉर्डन मेकनर यांनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ साली ॲपल टू यंत्रासाठी लिहिला. त्याचा सोर्स कोड हरवला असे ते धरून चालले होते. वडिलांना घरातल्या एका खोक्यात फ्लॉप्या सापडल्या आणि एप्रिल २०१२ मध्ये मेकनर यांनी कोड सर्वांना खुला केला. ॲपल टू चा प्रोसेसरही ६५०२, म्हणजे मारिओ वाचलेल्याला लिपी नवी नाही. पण वाचनाचा अनुभव पार वेगळा. इथे विभागांची नावे कर्त्याची स्वतःची आहेत, टिपा त्याच्या आहेत. पदच्छेद करायला नको, श्लेष लपत नाही. खरे सांगायचे तर मला थोडा कंटाळा आला. मारिओत प्रत्येक ओळ कमवावी लागली होती. माझ्या धंद्याच्या खोडीमुळे असेल, पण जिथे हात थरथरला, जिथे चूक झाली, तिथे मला माणूस जास्त दिसतो.

म्हणून शेवटी लालबागच्या कॅसेटकडे येतो. गणेशगल्लीजवळच्या एका घराच्या माळ्यावरून ती आली, चाळ पुनर्विकासाला जाण्याआधी आठ दिवस. हिच्या त्या ओळीत ३६ चौदा वेळा नाही, तेरा वेळा आहे. चौदाव्या घरात २४ तसाच आहे. २४ म्हणजे ओ. नावातले शेवटचे अक्षर. पडद्यावर पाटीच्या खाली तो एकटा ओ उभा आहे. ज्यांची ती कॅसेट, त्या घरातल्या बाईंना तो आठवत होता. त्या म्हणाल्या, आम्ही त्याला शून्यच समजायचो, अजून एकही गुण मिळाला नाही म्हणून दाखवत असेल.

चूक कशी झाली ते मला कंपोझिटर म्हणून दिसते. पुसणाऱ्याने मजकूर मोजला : साल चार, अंतर एक, नाव आठ, एकूण तेरा. पुसायला सुरुवात केली ती मात्र वर्तुळातल्या सीपासून. तो चौदावा त्याच्या मोजणीत आलाच नाही. मी स्वतः एका लग्नपत्रिकेत अशीच चूक केली होती आणि वराच्या आडनावाचा काना उरला होता.

भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकरांनी महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी प्रतींची घराणी लावली. ते काम १९६६ पर्यंत चालले. त्या शास्त्रातली एक साधी गोष्ट कंपोझिटरलाही कळते : दोन प्रतींत बरोबर मजकूर सारखा असेल तर त्यावरून काही ठरत नाही, चूक सारखी असेल तर त्या एका घराण्यातल्या. चौदा छत्तिसांच्या माझ्या चार कॅसेटींवरून मला काहीच सांगता येत नाही, कारण नीट पुसणे कुणालाही जमेल. तो उरलेला ओ मात्र ओळख पटवतो. त्याच ओ ची दुसरी कॅसेट मिळाली तर लालबागच्या माळ्यावरचा खेळ आणि दुसऱ्या कुठल्या तरी घरातला खेळ एकाच हातातून गेले एवढे तरी म्हणता येईल.

हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर बऱ्याच घरांत दिवाळीची साफसफाई झालेली असेल, माळे रिकामे झालेले असतील. खोके अजून दारात असेल आणि भंगारवाला यायचा असेल, तर कॅसेट आधी एकदा लावून पाहा. यंत्र नसेल तर माझ्याकडे आहे. पाटीच्या खाली, उजव्या अंगाला.